जावयानं धुतलेली गाडी

“मामा, ही गाडी उद्या अशी धुळकट नेणार तुम्ही?” दाजी म्हणाले, आणि गाडीवरची चादर त्यांनी एका झटक्यात ओढली.

मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होते. खिडकीतून ते दिसलं आणि माझा हात थांबला. नव्यानं रंगवलेल्या गाडीवरची चादर अशी ओढत नाहीत. तिच्यावर आठवडाभराची धूळ बसलेली असते, ओढली की ती रंगावरून घासत जाते. दोघांनी चार कोपरे धरून ती अलगद उचलायची असते. गाड्या रंगवणाऱ्या माझ्या वडिलांना, आबांना, हे माहीत नव्हतं होय? आबा तिथंच दोन पावलांवर उभे होते. ते नुसते हसले.

“आई, दाजींना कुणीतरी आवरा,” मी म्हटलं.

“वृषाली, आज तोंड बंद. आज ते नारायण आहेत.”

“नारायण क्षीरसागरात पडून असतात. लोकांच्या गाड्या पुसत नाहीत.”

आईनं कपाळाला हात लावला. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण उज्ज्वला, खाली बसून कणकेच्या पारीत पुरण भरत होती. एरवी माझ्या असल्या बोलण्यावर सगळ्यांच्या आधी ती हसायची. त्या दिवशी हसली नाही. मान वर न करता तिनं विचारलं, “कशानं पुसतायत?”

मी परत खिडकीशी गेले. “कोरड्या फडक्यानं. खसाखसा.”

अक्कानं हातातली पारी मोडली आणि पुन्हा लाटायला घेतली.

त्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला होता. अधिक म्हणजे आमच्याकडं धोंड्याचा महिना. लेक-जावयाला बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे, पुरणाचे उकडलेले धोंडे जेवायला घालायचे, दिवा लावलेल्या ताटातून तेहतीस अनारसे द्यायचे. लेक म्हणजे लक्ष्मी आणि जावई म्हणजे नारायण. लक्ष्मीला त्या दिवशी कुणी काही विचारत नाही, ती बिचारी धोंडे करत बसलेली असते. नारायण म्हणेल ती पूर्व दिशा.

आमच्या नारायणाचं नाव जयवंतराव. कराडला फरशांचं दुकान. बोलायला गोड माणूस, पण जगात असा विषय नव्हता ज्यात त्यांचा सल्ला नव्हता. आईच्या गुडघ्याला काय चोळावं, बोअर कुठं मारावी, लोणच्याला बुरशी का येते. उचलली जीभ, लावली टाळ्याला. गाड्यांबद्दल तर विचारूच नका. त्यांची स्वतःची गाडी पांढरी होती. रोज सकाळी ते ती कोरड्या फडक्यानं पुसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, बघा, अजून शोरूममधून काढल्यासारखी आहे की नाही. पांढऱ्या रंगावर पाप दिसत नाही, दुसरं काही नाही.

आमची गाडी काळी होती. काळा रंग काहीएक लपवत नाही, म्हणूनच आबांनी तो निवडला होता.

आबांची विट्याला गाड्या रंगवायची शेड. बारावीनंतर मी तिथंच कामाला लागले. पुट्टी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, रंग कालवायचा. लग्नाआधी अक्काही तिथंच असायची आणि रंग जुळवण्यात तिचा डोळा आबांच्याही पुढं होता. पण त्या दोन-तीन वर्षांत शेड ओस पडत चालली होती. विम्याच्या गाड्या सगळ्या मोठ्या वर्कशॉपांत जायच्या. आमच्याकडं यायचे ते ट्रॅक्टर आणि टेम्पो. अशात सांगलीच्या एका शोरूमच्या मुल्लासाहेबांचा आबांना निरोप आला. त्यांचा जुना पेंटर काम सोडून गेला होता. ‘तुमच्या हातची एक गाडी सोमवारी घेऊन या. मी उन्हात उभी करून बघतो. पसंत पडली तर वर्कशॉपचं सगळं रंगकाम तुमच्याकडं.’

आबांनी एक ठोकलेली जुनी गाडी आणली, पत्रा सरळ केला आणि ती काळी रंगवली. शेवटचा कोट झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी बॉनेटमध्ये बघून त्यांनी भांग पाडला. मी माझ्या बापाला इतकं खुशीत फार कमी वेळा पाहिलंय. ते काम मिळालं तर शेड चालणार होती, नाही मिळालं तर पावसाळ्याआधी कुलूप. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. दाजींनासुद्धा आबांनीच फोनवर सांगितलं होतं. आणि धोंड्याचा दिवस धरला होता तो नेमका रविवार.

मला राहवेना. पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्तानं मी अंगणात गेले. ऊन डोक्यावर आलं होतं. दाजींनी गाडी शेडमधून बाहेर काढून घेतली होती. ढकलायला अर्थात आबा.

“दाजी, सावलीत तरी धुवा,” मी म्हटलं.

“उन्हात धुतली की लगेच वाळते. साधी गोष्ट आहे.”

“म्हणूनच उन्हात धूत नाहीत. आमच्या बोअरचं पाणी खारं आहे. तापलेल्या पत्र्यावर वाळलं की पांढरे डाग पडतात.”

“पाणी ते पाणी, वृषाली. मेहुणी झालीस म्हणून मला शिकवायला लागलीस होय?” ते आबांकडं बघून हसले. “मामा, हिला लवकर उजवा बरं का. हिच्या जिभेला नवराच लगाम घालेल.”

आबाही हसले. “वृषाली, आत जा,” म्हणाले.

मी गेले नाही. दाजींनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि आईला हाक मारली, “मामी, जरा भांड्याचा साबण द्या. आणि घासणी.”

“शेडमध्ये गाडी धुवायचा शाम्पू आहे,” मी म्हटलं. “मऊ कापड आहे. मी आणते.”

“शाम्पू-बिंपू सगळे कंपन्यांचे धंदे. भांड्याच्या साबणानं तुपाची कढई निघते, तर ही धूळ काय चीज आहे? लोकांना उगाच खर्चात घालायचं काम.”

आई पदर सावरत आली आणि तिनं साबणाची वडी आणि हिरवी घासणी दाजींच्या हातात दिली. मी तिच्याकडं डोळे वटारून बघितलं. “घासणी कशाला दिलीस?”

“मागितली त्यांनी,” आई म्हणाली. जावयानं विहिरीत उडी मारायला दोर मागितला असता तरी तिनं तो आणून दिला असता.

आबा बादल्या भरून आणत होते. हा माणूस गिऱ्हाइकाला गाडी देताना बजावून सांगायचा, महिनाभर हिला फडकं लावू नका, आधी नुसतं पाणी सोडा, धूळ सुटू द्या, मग वरून खाली हात फिरवा. कुणी रंगावर टेकून उभा राहिला तर त्याच्यावर खेकसायचा. तोच माणूस आपल्या हातानं रंगवलेल्या गाडीवर घासणी फिरताना बघत होता आणि पाणी पुरवत होता. मला जावयापेक्षा बापाचा जास्त राग आला. तरातरा आत आले आणि पुरणयंत्र आपटलं.

“अक्का, तू सांग ना त्यांना. तुझं तरी ऐकतील.”

“माझं?” अक्का म्हणाली. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी अचाट बोलले होते. मग तिनं धोंड्यांचं पातेलं चुलीवर ठेवलं आणि वर झाकण घातलं.

थोड्या वेळानं दाजींचा आवाज आला, “मामा, इथं काय झालंय हो? तुमच्या रंगातच काहीतरी दोष आहे.”

मी परत खिडकीशी. बॉनेटच्या मधोमध पांढरे ठिपके उमटले होते. मी सांगितलं होतं तेच, खाऱ्या पाण्याचे, उन्हात वाळलेले. स्वतः पाडलेले डाग दाखवून हा माणूस माझ्या बापाला त्याच्या रंगातला दोष सांगत होता.

“असेल,” आबा म्हणाले.

असेल. 

“काळजी करू नका, माझ्याकडं इलाज आहे. मामी, तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर आहे ना? समई कशी लख्ख निघते तिनं. समई निघते, तर बॉनेट का निघणार नाही?”

वडाची साल पिंपळाला म्हणतात ती अशी. आई देवघरातनं डबी घेऊन निघाली. मी तिच्या मागं पळाले, पण ती पुढं पोचली. मी उंबरा ओलांडेपर्यंत दाजींनी ओल्या घासणीवर पावडर घेऊन बॉनेटवर गोल गोल हात फिरवायला सुरुवात केली होती. समई घासताना फिरवतात तसाच.

“दाजी, थांबा.”

“झालं, झालं. एक मिनिट.”

“थांबा म्हणते ना मी.” मी त्यांच्या हातातली घासणी ओढून घेतली. “ही पावडर धातूसाठी असते. तुम्ही धातू घासत नाही, रंग घासताय. एवढुसा जाड असतो तो. तुमच्या अंगावर घासून बघा, काय होतं ते कळेल.”

आईच्या तोंडाचा आ झाला. बॉनेटवर ताटाएवढा भाग भुरकट झाला होता. चकाकी तेवढ्या जागेवरून पुसून गेली होती.

दाजी चिडले नाहीत. ते कधी चारचौघांत चिडत नसत. त्यांनी हात झटकले आणि शांतपणे म्हणाले, “काम अर्धं असताना बघणाऱ्याला असंच वाटतं. मामा, थोडं रॉकेल आणि खोबरेल द्या.”

आबांनी शेडमधून रॉकेल आणलं. खोबरेलाची बाटली आईनं दिली. दाजींनी दोन्ही एका वाटीत कालवलं आणि फडक्यानं अख्ख्या गाडीला चोपडलं. तेल लागल्यावर कुठलीही गोष्ट चमकते. मारुतीच्या देवळातला दगडही चमकतो. गाडी वरपासून खालपर्यंत तेलकट, काळीभोर दिसायला लागली आणि भुरकट ताट त्याखाली लपलं.

“आता बोला,” दाजी म्हणाले. पण माझ्याकडं बघून नाही, आबांकडं. “मामा, तुमचं अख्खं आयुष्य गेलं ह्यात. तुम्हीच सांगा. गाडी खराब झाली?”

अक्का दारात येऊन उभी राहिली होती. हात कणकेनं भरलेले. आबांनी गाडीकडं बघितलंच नाही. ते अक्काकडं बघत होते. मला वाटलं, आता बोलतील. एक शब्द बोलतील आणि ह्या माणसाला त्याची जागा दाखवतील.

“छान झाली,” आबा म्हणाले.

दाजींनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि हात धुवायला गेले.

जेवायची वेळ झाली. आबांनी पाटावर बसलेल्या जावयाचे पाय तांब्याच्या ताम्हनात धुतले, पंच्यानं पुसले, गंध लावलं. आईनं ओवाळलं. दाजींनी तूप सढळ हातानं वाढून घेतलं आणि धोंडे उकडताना पाण्यात काय घालावं म्हणजे ते चिकटत नाहीत, ते आईला सांगितलं. आईनं मान डोलावली. मी वाढायला गेले नाही. आईनं आत येऊन मला चिमटा काढला तरी गेले नाही. अक्का सगळ्यांना वाढत होती.

जेवून दाजी माडीवर पंख्याखाली झोपले. आबा अंगणात गेले आणि मी त्यांच्या पाठोपाठ गेले. भांडायलाच गेले होते.

आबांनी शाम्पूचं पाणी केलं होतं आणि मऊ कापडानं ते बॉनेटवरचं तेल उतरवत होते. ऊन तिरपं झालं होतं. तेल निघालं तसं खालचं सगळं वर आलं. चादरीचे लांब ओरखडे. कोरड्या फडक्याचे बारीक बारीक वेटोळे, कोळ्यानं जाळं विणावं तसे. घासणीच्या रेघा. आणि मधोमध ते भुरकट ताट. त्यात आता भांग पाडायला कुणाचा चेहरा दिसला नसता.

“आबा, हे तुम्हाला तेव्हाच दिसत होतं.”

“व्हय.”

“कधीपासनं?”

“चादर ओढली तवापासनं.”

“मग बोलला का नाही? मी गळा फाडून सांगतेय, तुम्ही मला आत जा म्हणता. त्यांना छान झाली म्हणता. उद्या मुल्लासाहेबांसमोर हीच गाडी उभी करणार? शेडला कुलूप लागलं तरी चालेल, पण जावयाला वाईट वाटता कामा नये. असं कुठलं सोनं लागून गेलंय त्यांना?”

आबा कापड पिळत राहिले. मग म्हणाले, “एकदा बोललो होतो.”

“कधी?”

“दिवाळीच्या आधी. त्यांच्या दुकानात गेलो होतो. चार गिऱ्हाइकं बसली होती. जयवंतराव एकाला सांगत होते, नव्या गाडीला खालनं डिझेल मारून घ्या, गंज धरत नाही. मी म्हटलं, तसं नसतंय जयवंतराव, डिझेलनं खालची रबरं फुगतात. एवढंच. हसतच म्हटलं. ती गिऱ्हाइकं हसली.”

“मग?”

“मग काय. उजा दिवाळीला आली होती का?”

आली नव्हती. संक्रांतीलाही आली नव्हती. आम्हाला सांगितलं होतं, दुकानात गर्दी आहे. नंतर सांगितलं, सासूबाईंची कंबर धरलीय. त्या दिवसांत फोन लावला की दाजी उचलायचे, ती कामात आहे, सांगतो म्हणायचे. मी खुळ्यासारखी अक्कावर रुसले होते. माहेर विसरली म्हणून आईपाशी तिला नावं ठेवली होती.

“शेजारणीच्या फोनवरनं तिनं एकदाच फोन केला,” आबा म्हणाले. “म्हणाली, आबा, ह्यांना परत कुणासमोर खोटं पाडू नका. एवढंच बोलली आणि ठेवला. तवा मी ठरवलं. त्यांनी उद्या दिवसाला रात्र म्हटलं तरी आपण व्हय म्हणायचं. गाडीचं काय, गाडी पुन्हा रंगवता येते.”

राग कुठं ठेवावा तेच कळेना. सकाळपासून मी ज्याला माणसाचा अडाणीपणा समजत होते ते भलतंच होतं. चुकीचं सांगायचं, आणि समोरच्यानं ते मुकाट्यानं ऐकलं की नाही ते बघत राहायचं. समईची पावडर गाडीला लावत नाहीत हे दाजींना माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. आबा त्यांना अडवणार नाहीत, हे मात्र त्यांना पक्कं माहीत होतं.

“हल्ली तुम्ही दर रविवारी फोन करता,” मागून आवाज आला. अक्का चहाचे कप घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. चहावर साय धरली होती. “काय विचारता मला?”

आबा दचकले. “काय म्हणजे? बरं चाललंय का, विचारतो.”

“आणि मी काय सांगते?”

“छान चाललंय म्हणतेस.”

“तुम्ही आज म्हणालात तसंच, आबा.”

आबांच्या हातातलं कापड खाली पडलं. त्यांनी ते उचललं नाही. अक्कानं कप कट्ट्यावर ठेवले, पुढं आली आणि बॉनेटवर तळवा टेकवून हळूच फिरवला. तिरकी मान करून उन्हात बघितलं. लग्नाआधी बघायची तशी.

“बाकीचं पॉलिशनं निघेल,” ती म्हणाली. “हे पावडरीचं खोल गेलंय. बॉनेटला परत रंग मारायला लागणार.”

“दोन दिवस लागतील,” आबा म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू आला असेल इतका बारीक होता. “मुल्लासाहेब थांबायचे नाहीत. त्यांना दुसरी माणसंही बघायचीत.”

“त्यांना फोन करून खरं काय ते सांगा. थांबले तर थांबले. मी राहते दोन दिवस. रंग मी कालवते.”

सांगलीचं काम आम्हाला मिळालं नाही, हे आत्ताच सांगून टाकते. मुल्लासाहेब थांबले नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. शेड आम्ही पुढं कशी तगवली तो वेगळा विषय. अक्कानं पुढं काय केलं ती तिची गोष्ट, ती तिनंच सांगावी. मी सांगतेय ती त्या संध्याकाळपुरती.

दाजी उठले, चहा प्यायले. आईनं अनारशांचं ताट बांधून दिलं, नवं धोतर-उपरणं दिलं, ते सगळं त्यांनी पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं. अक्का शेडच्या दारात उभी होती. पदर कमरेला खोचलेला, हातात पॉलिश पेपर.

“उज्ज्वला, आवर. अंधाराच्या आत पोचायचंय.”

“मी दोन दिवस राहते,” अक्का म्हणाली. “बॉनेट परत करायचंय.”

“कशाला? मामा म्हणाले की, छान झाली.”

मग आम्ही सगळ्यांनीच आबांकडं बघितलं. आईनं मानेनंच नको नको केलं. आबा चार पावलं चालत गाडीपाशी गेले आणि भुरकट जागेवर त्यांनी हात ठेवला.

“मी खोटं बोललो, जयवंतराव. गाडीचं वाटोळं झालं. चादर ओढली तिथनंच सुरुवात झाली. कोरडं फडकं मारायचं नव्हतं, उन्हात धुवायची नव्हती, घासणी लावायची नव्हती, पावडर तर नव्हतीच नव्हती. पोरगी सकाळपासनं सांगत होती ते सगळं खरं होतं. तुम्हाला गाडी धुता येत नाही.”

दाजींचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. “मग तेव्हाच सांगायचं होतं.”

“व्हय. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.”

दाजी पुढं आले, वाकून बॉनेटकडं बघितलं, बोटानं टकटक केलं. मला वाटलं, आता तरी शरमेनं मान खाली जाईल. “एवढंच ना?” ते म्हणाले. “ह्याच्यावर दात घासायची पेस्ट लावा. रात्रभर ठेवा. सकाळी निघून जाईल.”

मी कपाळावर हात मारून घेतला. रडावं की हसावं कळेना.

“नको,” आबा म्हणाले.

दाजी सरळ उभे राहिले. आवाज तसाच गोड. “ठीक आहे. राहू दे हिला. पण मग मी न्यायला येणार नाही, मामा. ती तुमची जबाबदारी. नंतर माझ्या दाराशी यायचं नाही.”

आईनं आबांचा दंड धरला. “अहो, काहीतरी बोला. उजे, जा बाई, बस गाडीत. गाडीचं काय एवढं.” आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अक्का जागची हलली नाही. आबांनी आईचा हात दंडावरून सोडवला.

दाजी गाडीत बसले. गाडी सुरू केली, काच खाली घेतली आणि तसेच थांबले. कशासाठी थांबलेत ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. आमच्याकडं निरोप घेणाऱ्याला ‘जा’ म्हणत नाहीत. मयताचं घर सोडलं तर कुठल्याच दारात म्हणत नाहीत. भांडून निघालेल्या माणसालासुद्धा ‘या’ म्हणतात, आणि जावयाला तर दोन-दोनदा, रस्त्यापर्यंत चालत जाऊन. दाजी त्या एका शब्दाची वाट बघत होते. तो मिळाला की सगळं पुन्हा पहिल्यासारखं होणार होतं.

“या हं, जयवंतराव,” आई रडत रडत म्हणाली.

दाजींनी तिच्याकडं बघितलं नाही. ते आबांकडं बघत होते.

आबा खिडकीपाशी गेले. त्यांच्या हाताला अजून रॉकेलचा वास येत होता. त्यांनी गाडीच्या दारावर हात टेकवला नाही, वाकले नाहीत, हात जोडले नाहीत.

“जा,” आबा म्हणाले.